करारावर नंबर कोणाचा

आमच्या शेडच्या दारात एक लोखंडी टेबल आहे. जुन्या प्रेसची बैठक कापून मी ते स्वतः वेल्डिंग करून उभं केलं. पाय लहानमोठे झाले, म्हणून एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवलेला आहे. त्या टेबलावर चहाचा कप ठेवायचा नाही, डबा ठेवायचा नाही, कोपर टेकून गप्पा मारायच्या नाहीत. कंपनीतून परत आलेला माल तेवढा त्याच्यावर ठेवायचा.

कुरुळीत आतल्या रस्त्याला माझं वर्कशॉप. आम्ही पिना करायचो. मोठ्या गाडीच्या ब्रेकमध्ये बसते ती पोलादी पिन, माणसाच्या करंगळीएवढी. दिसायला त्यात काही नाही, पण ती तुटली तर घाटात गाडी थांबत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून माझा एक रिवाज होता. ज्यानं पिन कातली त्यानं ती भट्टीत जायच्या आधी तिच्या टोकावर आपला नंबर ठोकायचा. प्रत्येकाचा पंच वेगळा. माझा एक, मग दोन, तीन, असं आठपर्यंत. पुढं पिन कडक होऊन, घासून, डब्यात भरून कंपनीत गेली तरी नंबर तिच्या अंगावर असायचा. एखादी परत आली की टेबलावर. ज्याचा नंबर असेल त्यानं मशीन बंद करून यायचं, पिनेवर हात ठेवायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "माझं हाय." मग दुसरी करून द्यायची. झालं. त्यानंतर त्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही. मीसुद्धा नाही.

हा रिवाज मला कोणी शिकवला नाही. मी एका कंपनीत हेल्पर होतो तेव्हा दुसऱ्यानं बिघडवलेला जॉब माझ्या माथी मारला होता. मी ओरडून सांगत होतो, हा माझा न्हाई. सुपरवायझर म्हणाला, तुझा नाही तर कोणाचा ते सांग. ते मला सांगता येईना. लोखंडावर काही लिहिलेलं नव्हतं. मला पंधरा दिवस घरी बसवलं. पुढं स्वतःचा धंदा टाकला तेव्हा लेथच्या आधी मी नंबरचे पंच विकत आणले. लोक हसले. हसू दे.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचं काम आहे. आमची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा माझ्या बापानं कागदावर अंगठा दिला. काय लिहिलंय ते विचारलं नाही. कचेरीतल्या माणसानं बोट धरलं, शाईत बुडवलं, टेकवलं. त्यावरून मी बापाला तो जिवंत असेपर्यंत टोचून बोललो. जेवताना बोललो, चार पाहुण्यांत बोललो. मी स्वतः चौथीपर्यंत गेलो, पुढं सुटली शाळा. पण सही मी घोटून घोटून शिकलो. मोठी, पल्लेदार, आणि खाली दोन रेघा. बँकेतला माणूस एकदा म्हणाला, आण्णा, तुमची सही कलेक्टरसारखी आहे. ते मी कितीतरी लोकांना सांगितलं असेल.

तर चाकणच्या ज्या कंपनीला आम्ही पिना द्यायचो, तिच्या परचेसच्या साहेबानं मला बोलावलं. वयानं माझ्या लेकापेक्षा लहान. गेल्या गेल्या चहा मागवला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय, कारण त्या ऑफिसात मला आजवर कोणी पाण्याला विचारलं नव्हतं.

"आण्णा, पुढच्या महिन्यापासून तुमचं शेड्यूल शून्य," तो म्हणाला. शेड्यूल म्हणजे महिन्याला किती माल द्यायचा त्याचा कागद.

"का? रिजेक्शन आलं का काय?"

"नाही हो. तुमची पिन चांगलीच आहे. पण आता बाहेरच्या देशातून येतेय. त्यांच्याशी करार झालाय ना. बाहेरच्या मालावरची ड्युटी निघाली."

असं म्हणून त्यानं ड्रॉवरमधून एक पिन काढून माझ्या हातात दिली. त्या देशाचं नाव मी घेत नाही. तिथल्या कामगारांशी माझं वैर नाही. मी खिशातून माझा मायक्रोमीटर काढला, चष्मा लावला, आणि त्याच्या टेबलावरच पिन मोजली. तीन ठिकाणी मोजली. खोटं कशाला सांगू, पिन चांगली होती. चकाकी तर माझ्यापेक्षा उजवी. मग मी तिची दोन्ही टोकं उजेडात धरली.

"ह्याच्यावर नंबर न्हाई."

"खोक्यावर असतो. बॅच नंबर."

"खोकं काय हात ठेवतंय व्हय? केली कुनी, त्यो मानूस कोन?"

"आण्णा, तिकडे माणूस नसतोच. सगळं मशीन."

"आन करार? त्योबी मशीननंच केला का?"

तो हसला. चांगला पोरगा होता, उगीच नाव ठेवणार नाही. म्हणाला, "करार सरकारनं केला."

"सरकारात कुनी?"

"ते मला काय माहीत? मला मेल येतो. मी पुढे पाठवतो."

मी ती पिन मागून घेतली. उठून आलो. चहा तसाच ठेवला.

शेडमध्ये त्या वेळी मी धरून पाच जण उरलो होतो. त्यात चार नंबर सगळ्यांत जुना. लातूरकडचा माणूस. आला तेव्हा त्याची पोरगी कडेवर होती, आता ती दोन लेकरांची आई आहे. कुरुळीतच एका खोलीत बायकोसोबत राहतो. त्याच्या हातची पिन टेबलावर आली असेल ती सगळी मिळून दोनदा. शेड्यूल शून्य झाल्याचं मी सांगितलं, तसं त्यानं मशीन पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाला, "आण्णा, खरं सांगू का? आमच्या गावाकडचा एक ठेकेदार हाय. चाकण रोडला गोडाऊन झालंय मोठं, तिथं जागा हायेत म्हनला. परवापर्यंत सांग म्हनायलाय."

"कसलं गोडाऊन?"

"भायेरचा माल येतो ते. पार्टं."

"म्हंजे हीच पिन उचलाया जानार तू?"

तो मशीन पुसत राहिला. आणि मी तिथं माझ्या आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली. पहिली पुढं येईल. मी ती परदेशी पिन टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "थांब. आपल्या हितं काय रीत हाय? ज्याचं त्यानं म्हनायचं माझं हाय, आन दुरुस्त करून द्यायचं. हा करार कुना एकानं केला आसंल ना? आभाळातनं तर पडला न्हाई. मी त्याला हुडकतो. ह्या टेबलापाशी आनतो. हात ठेवून म्हनला माझं हाय, की पुढचं दुरुस्त व्हईल."

"दिल्लीवाला येनार कुरुळीला?"

"न याया काय झालं? मत मागाया येतो का न्हाई?"

बाकीचे तिघं खाली मान घालून हसले. चार नंबर हसला नाही. माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तुमी म्हनता तर थांबतो." माझ्यासमोरच त्यानं ठेकेदाराला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं. माझ्या शब्दाला अजून वजन आहे असं वाटलं.

मग मी शोधायला निघालो. धुतलेला सदरा, टोपी, एका खिशात माझी पिन आणि दुसऱ्यात त्यांची.

सरपंच म्हणाला, आमच्याकडं गटार, पाणी, दिवाबत्ती. आमदाराच्या ऑफिसात म्हणाले, हा विषय मुंबईचा नाही, दिल्लीचा. दोन्हीकडं माणसं नीट बोलली. खुर्ची दिली. एकानं तर माझ्याबरोबर फोटो काढला. मला तेव्हा राग आला नाही. म्हटलं, बरोबर आहे, ज्याचं त्याचं खातं.

ज्याला आम्ही दिल्लीला पाठवला तो पुढारी निगडीला बंगल्यात सकाळी लोकांना भेटायचा. मी बसच्या पहिल्या फेरीनं गेलो. पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. कोणाला शाळेत ॲडमिशन पाहिजे, कोणाला दवाखान्याची चिठ्ठी. माझा नंबर आला. मी दोन्ही पिना त्याच्यापुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मान हलवत ऐकलं.

"आण्णा, तुमचं दुःख मला कळतंय."

"दुःख ऱ्हाऊ द्या. हा करार तुमी केला का?"

"मी कसा करणार?"

"न्हाई, म्हंजे तितं जवा विचारलं, तवा तुमी हात वर केला का खाली ठिवला?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "आण्णा, असले करार आमच्याकडं मताला येत नाहीत. ते मंत्रिमंडळ ठरवतं. अधिकारी बोलणी करतात, तिकडे जाऊन सही होते. आम्हालाही पेपरातच कळतं."

"तुमाला पेपरात कळतं?"

"पद्धतच आहे तशी. आजची नाही, पहिल्यापासूनची. पुढं ड्युटी कमी केल्याचा हुकूम निघतो, तो तेवढा सभागृहाच्या टेबलावर ठेवतात."

टेबल म्हटल्यावर मी सरसावून बसलो. "टेबलावर ठेवत्यात? मग त्याच्यावर हात कोन ठेवतं?"

"कोणी नाही. नुसता ठेवतात."

"आन मग?"

"मग काही नाही. दुसरा विषय."

मागच्या खुर्चीवरची एक बाई म्हणाली, "आवो बाबा, आवरा की, आमाला बी टाइम हाय." पुढाऱ्यानं माझ्या दोन्ही पिना उचलून माझ्या हातात दिल्या. कोणती माझी आणि कोणती त्यांची ते त्याला कळलं नाही. "आणि खरं सांगायचं तर आण्णा," तो उठता उठता म्हणाला, "ह्याची बोलणी आमच्या आधीच्यांनी सुरू केली होती. आम्ही फक्त पुरी केली."

म्हणून मी आधीच्यांकडं गेलो. त्यांचा माणूस आता पडलेला, त्यामुळं त्याच्या पोर्चमध्ये खुर्च्या रिकाम्या. त्यानं मला दीड तास बसवून घेतलं. सरकारला इतक्या शिव्या घातल्या की मला वाटलं, हा आपला. शेवटी मी विचारलं, बोलणी तुमी सुरू केली म्हंत्यात, खरं का? तर म्हणाला, "अहो, बोलणी काय, दहा देशांशी चालू असतात. बोलायला काय जातं? सही कोणाची ते बघा. सही त्यांची आहे." आणि निघताना म्हणाला, पुढच्या खेपेला लक्षात ठेवा.

मी आजवर एकही मत चुकवलेलं नाही. ताप असताना गेलोय, आई वारल्याच्या तेराव्याला गेलोय. तिथं आपल्या बोटाला शाई लावतात, महिनाभर जात नाही. त्या दिवशी बसमध्ये बसून मी बोटाकडं बघत होतो. नंबर ठोकतात तो आपल्यावर. ज्याला निवडून दिला त्याच्या अंगावर काहीच ठोकलेलं नसतं. तो पिनेसारखा गुळगुळीत.

शहाण्या माणसानं इथं सोडून दिलं असतं. बायको म्हणाली, दुसरं काय बनवता येतंय का बघा. चार नंबरनं दोनदा विचारलं, आण्णा, काय म्हनले? मी म्हणायचो, जवळ आलोय, होतंय. शेडमध्ये मशिनी बंद. ती माणसं सकाळी यायची, फडकं फिरवायची, पेपर वाचायची, दुपारी डबा खाऊन जायची. एकजण गावी गेला तो परत आला नाही. मी रोज निगडीला. बंगल्यासमोर बाकडं होतं, त्यावर जाऊन बसायचो. आत बोलावलं नाही तरी बसायचो. आमच्या घराण्यात हट्टाला कमी नाही, त्याचा मला अभिमान होता.

असे बरेच दिवस गेल्यावर पुढाऱ्याचा पीए बाहेर आला. त्याच्या हातात दहा-बारा पानं स्टेपल केलेली. "आण्णा, तुम्ही सारखं म्हणता ना, आम्हाला न विचारता केलं? हे घ्या. विचारून केलंय. करार व्हायच्या आधी तुमच्याच भागातल्या छोट्या कारखानदारांची बैठक घेतली होती. त्यांनी संमती दिली. त्याचा अहवाल आहे हा. नावं आहेत, सह्या आहेत सगळ्यांच्या."

"कुनाच्या सह्या?"

"वाचा की."

इंग्रजी होतं. मला येत नाही हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी चष्मा लावला, पहिलं पान वाचल्यासारखं केलं, घडी घालून खिशात ठेवलं. पण मनातून मला उकळ्या फुटत होत्या. सापडला! आपल्यातलाच कोणीतरी जाऊन सही करून आला. दिल्लीवाला नाही तर नाही, हा तरी टेबलापाशी येईल. नाही आला तर कॉलर धरून आणीन.

तडक पिंपळे सौदागरला गेलो. तिथं एका मोठ्या सोसायटीत माझा लेक आणि सून राहतात. गेटवर वॉचमननं वही पुढं केली. नाव, फ्लॅट, टाइम, सही. मी दोन रेघा ओढून सही केली. वॉचमन म्हणाला, "क्या बात है बाबा." मी मिशीतल्या मिशीत हसलो.

सून घरूनच काम करते, कंप्युटरचं. तिनं कानावरचा हेडफोन काढून ठेवला, मला पाणी दिलं आणि कागद घेतला. मी म्हणालो, "बाकीचं सोड. सह्या कुनाच्या तेवढं वाच."

तिनं तरी पहिल्यापासून वाचलं. वाचत वाचत मराठीत सांगत होती. अमुक दिवशी निगडीला हॉलमध्ये बैठक झाली. कराराची माहिती देण्यात आली. लघुउद्योजक मोठ्या संख्येनं हजर होते. कोणीही हरकत घेतली नाही. उपस्थितांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. असं करत शेवटच्या पानावर आली आणि थांबली.

"बाबा."

"बोल की."

तिनं पान माझ्याकडं फिरवलं. सह्यांचा तक्ता होता. पहिल्याच ओळीत, बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठी, चौकटीच्या बाहेर गेलेली सही. खाली दोन रेघा.

आता ती पहिली चूक सांगतो. 

ह्या सगळ्याच्या बरंच आधी आमच्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेच्या माणसानं मला फोन केला होता. निगडीला कार्यक्रम आहे, दिल्लीहून साहेब येणार, तुम्ही ज्येष्ठ आहात, आलंच पाहिजे. मी गेलो. दारात एका मुलीनं कागद पुढं केला. "सर, इथे सही करा, म्हणजे जेवणाचं कूपन देते." मला सर म्हणाली. मी पहिल्या ओळीत सही केली. कागदाच्या माथ्यावर काय लिहिलंय ते विचारलं नाही. इंग्रजी होतं, आणि मागं रांगेत ओळखीचे लोक उभे होते. आत मला पहिल्या रांगेत बसवलं. शाल, श्रीफळ, माझं नाव माइकवर. मग साहेब पडद्यावर चित्रं दाखवत तासभर इंग्रजी-हिंदीत बोलला. जहाजं होती, बाण होते, झेंडे होते. मला एक अक्षर कळलं नाही. शेजारच्यालाही कळलं नसावं, तो मोबाईल बघत होता. शेवटी साहेबानं इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि हॉलभर बघितलं. कोणी बोललं नाही. मी उठून म्हणू शकलो असतो, साहेब, मराठीत सांगा. पण पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेला माणूस असं कसं म्हणणार? मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या. त्यानंतर पुरी-श्रीखंड खाल्लं. शाल घरी नेली, बायकोला दाखवली. ती अजून कपाटात आहे.

सून माझा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, ही नुसती हजेरी आहे हो. तुमच्या सहीनं काही करार झालेला नाही. तुम्ही गेला नसता तरी तो झालाच असता."

"म्हंजे माझ्या सहीला किंमतच न्हाई?"

"मी तुम्हाला सोडवतेय आणि तुम्ही माझ्याशीच भांडताय."

"न्हाई, सांग ना. सही असून बी झाला, नसती तरी झाला असता. मग ती घेतली कशापायी?"

तिनं कागद सरळ करून माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला उठली. तिला कंप्युटरवर बोलावत होते, त्याचा टुंग टुंग आवाज येत होता. मी चहा न घेता निघालो. गेटवर वॉचमन म्हणाला, बाबा, आउट टाइम और साइन. मी त्याच्याकडं बघितलं आणि पुढं चालू लागलो. तो मागून हाका मारत राहिला.

बसमध्ये मला बाप आठवला. त्याला विचारायला तरी कोणी नव्हतं. त्याचं बोट दुसऱ्यानं धरलं होतं. माझं कोणी धरलं नव्हतं.

कुरुळीला पोचलो तेव्हा दुपारचे डबे खाऊन झाले होते. चार नंबर आणि आणखी दोघं पायऱ्यांवर बसले होते. मी काही न बोलता आत गेलो, टेबल पुसलं, त्याच्यावर तो कागद शेवटचं पान वर करून ठेवला. सह्या दिसत होत्या. तिघं उठून आत आले. त्यांना वाटलं, काहीतरी ऑर्डर आली.

मी कागदावर हात ठेवला. म्हणालो, "माझं हाय."

कोणाला काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, जेवणाच्या कूपनासकट. श्रीखंडाचंही सांगितलं. काही गाळलं नाही.

दोन नंबर म्हणाला, "आण्णा, येडे का काय तुमी? हजेरीच्या कागदाला कोन नंबर म्हंतं? ज्यांनी केलं ते मोकळे आन तुमी कशाला हात ठेवता?"

"मग कुनाचा ठेवू? लई हुडकलं. एवढ्या कागदात आपल्या हितला हा एकच नंबर हाय."

"बरं, माझं म्हनलात," तो म्हणाला. "आता दुरुस्त करून द्या."

तो चिडवत नव्हता. आमची रीतच तशी. माझं म्हटलं की दुसरी करून द्यायची. मी उभा राहिलो. लेथकडं बघितलं, भट्टीला पाठवायच्या रिकाम्या क्रेटकडं बघितलं. काय करून देणार होतो?

चार नंबरनं खिशातून मोबाईल काढला, जरा बाजूला झाला आणि स्पीकर लावला. त्याला कमी ऐकू येतं, लेथवर आयुष्य गेलं.

"भावा, ते गोडाऊनचं म्हनला होतास ना?"

"ते व्हय?" ठेकेदाराचा आवाज शेडभर ऐकू आला. "ते तवाच भरलं की राव. तवा तूच नको म्हनलास. आता पंचावन्नच्या वरचा मानूस ते घेत बी न्हाईत. न्हाई जमायचं."

"बरं," चार नंबर म्हणाला. "काय असलं तर सांग." फोन खिशात ठेवला.

मी वाट बघत होतो. त्यानं बोलावं म्हणून वाट बघत होतो. आण्णा, तुमच्या शब्दावर थांबलो. आण्णा, तुमच्या हट्टानं मला बसवलं. एखादी शिवी घातली असती, टेबलावरचा कागद भिरकावला असता, तर मला काहीतरी करता आलं असतं. निदान मान खाली घालून ऐकून घेता आलं असतं. तो आपल्या मशीनपाशी गेला. पंचांच्या पेटीतून आपला चार नंबरचा पंच काढला, अंगठ्यानं त्यावरचं तेल पुसलं, आणि परत पेटीत ठेवला. मग डबा घेतला आणि चप्पल घातली. 

"येतो आण्णा," म्हणाला.

ज्यानं हात ठेवून माझं म्हटलं त्याला नंतर कोणी बोलायचं नाही, हा नियम माझाच. त्यांनी तो पाळला. त्या दिवशी तिघांतलं कोणी बोललं नाही, आणि नंतर चार नंबर मला कुरुळीच्या नाक्यावर बऱ्याचदा भेटला, सकाळी मजुरीसाठी उभा असतो तिथं, तेव्हाही त्यानं तो विषय काढला नाही. रामराम घालतो. तब्येत विचारतो. मीच घाईत असल्यासारखं दाखवून पुढं जातो.

मशिनी भंगारवाल्यानं नेल्या. टेबल त्याला दिलं नाही. ते अजून तिथंच दारात आहे, आणि त्याच्यावर तो कागद मी लोखंडाच्या तुकड्याखाली दाबून ठेवलाय. बघायला कोणी येत नाही.